शिरस्तेदारांच्या शब्दांची वही

ग्रंथालयात नोकरीला लागलो त्या दिवशी मला पहिला प्रश्न विचारला गेला तो असा : "तुमच्या खिशात काय आहे?"

मी म्हटलं, "रुमाल."

"दाखवा."

दाखवला. तिथल्या प्रमुखांनी तो झटकला, उलटा केला, उजेडात धरला आणि पुन्हा नीट घडी घालून माझ्या हातात दिला. म्हणाले, "संध्याकाळी जाताना याच घडीत दिसला पाहिजे." मी मनात म्हटलं, झालं, कुठल्या पापाची फळं भोगायला इथं आलो!

जव्हार दरबारचं ग्रंथालय म्हणजे कचेरीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या आणि सहा सागवानी कपाटं. तिथले हे प्रमुख आधी बावीस वर्षं फौजदारी कोर्टात शिरस्तेदार होते. उतारवयात जरा शांत काम मिळावं म्हणून दरबारने त्यांना पुस्तकांत बसवलं. कसली शांती घेऊन बसलात! ते आले ते अख्खं कोर्ट डोक्यावर घेऊन आले. सगळं गाव त्यांना तेव्हाही शिरस्तेदारच म्हणायचं आणि आम्हीही तेच म्हणत होतो. अंगाने काटकुळे, चष्म्याची एक दांडी मोडलेली, तिथं दोरा बांधलेला. समोरचा बोलत असला की ते चष्म्याच्या वरून बघायचे. तसं बघितलं की माणूस आपलं नाव सांगतानाही अडखळायचा.

दरबारच्या हुकुमाने ते दोन महिने बडोद्याला जाऊन पुस्तकांची नोंद करण्याची नवी रीत शिकून आले होते. एका पुस्तकाला एक कार्ड, कार्डं खणात, खण क्रमाने. सुताराकडून खण करवून घेतले तेव्हा प्रत्येक खण बाहेर काढून त्याच्या मागे हात घालून पाहिला होता म्हणे. तिकडचे इंग्रजी शब्द मात्र त्यांनी इकडे येऊ दिले नाहीत. "परक्या शब्दाच्या आड माणसाला लपायला जागा मिळते," असं त्यांचं म्हणणं. त्यांनी प्रत्येक गोष्टीला आपला शब्द दिला, त्याचा अर्थ खाली लिहिला आणि ती वही कर्मचारीवर्गाने तोंडपाठ करायची असा नियम केला. कर्मचारीवर्ग म्हणजे मी आणि लखमा शिपाई. दर सोमवारी आमची दोघांची परीक्षा.

"दाखल अंक म्हणजे?"

"पुस्तक आलं की त्याला मिळतो तो नंबर," मी म्हणायचो. "पुस्तक नाहीसं झालं तरी तो नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही."

"लखमा, ठिकाण म्हणजे?"

"कपाट, फळी, आनी डावीकडनं कितवा ता." लखमा सूर्यमाळकडचा. त्याला अक्षर येत नव्हतं, पण चारशे पुस्तकांचं ठिकाण त्याच्या बोटांवर होतं. हे शिरस्तेदारांना फार खुपायचं. वाचता येत नसताना इतकं लक्षात राहतं म्हणजे नक्की काहीतरी खूण करून ठेवत असणार, म्हणून त्यांनी एकदा सगळ्या फळ्या खालून पुसून घेतल्या. लखमा नुसता हसला. "सायब, रान वळखतो, त्यात कपाटाचा काय घेऊन बसले?"

पहिलं पान फाटलेलं, लेखकाचा पत्ता नाही, असं पुस्तक म्हणजे 'बेवारस'. एकाच पुस्तकाला दोन नावं असली तर 'उर्फ'. टोपणनावाने लिहिणारा लेखक म्हणजे 'तोतया', आणि त्याचं खरं नाव लाल शाईने खाली. खरं नाव सापडलं नाही की हा माणूस दोन दिवस अस्वस्थ. "सज्जन माणसाला नाव लपवायची गरज काय पडते, सांगा बरं!" मी म्हणायचो, कविता करतो बिचारा, लाजत असेल. "लाजेल असं करायचंच कशाला?"

दोन शब्द त्यांच्या वहीत नव्हते आणि आमच्या तोंडी आलेले त्यांना खपत नव्हते. 'हरवलं' आणि 'चोरीला गेलं'. हरवलं म्हटलं की त्यात माणूसच नाही, जणू पुस्तक आपल्या पायांनी गेलं. आणि चोरी म्हणायची तर पुरावा पाहिजे. तोवर लिहायचं ते एवढंच : 'जागेवर नाही'.

आणि एक होता 'पोटचं'. एकाच पुठ्ठ्यात दोन पुस्तकं शिवलेली असली तर आतलं ते पोटचं. त्याचं वेगळं कार्ड करायचं आणि ते कुणाच्या पोटात आहे ते त्यावर लिहायचं. पण नव्याने असं कुणी शिवायचं नाही, अशी सक्त ताकीद. बाहेरून एक दिसतं आणि आत दोन असतात, हा प्रकारच त्यांना गुन्ह्यासारखा वाटायचा. शिवायचंच झालं तर आधी त्यांचा लेखी हुकूम हवा.

त्यांच्या लहरी किती सांगू! सुट्टीच्या आदल्या दिवशी कपाटाच्या दोन दारांवर डिंकाने केसाएवढा धागा चिकटवायचे. पावसाळा संपला की पुस्तकं उन्हात घालायची असत, कारण आमच्याकडे पावसात माणसालासुद्धा बुरशी येईल; तर हे दिवसभर छत्री धरून त्या पुस्तकांत बसायचे, आणि नजर कावळ्यांवर. परत आलेलं पुस्तक आधी हुंगायचे. "हे चुलीजवळ होतं." "याच्या शेजारी सुकट ठेवली होती." आणि खरं असायचं हो! नेणारा मान खाली घालून उभा.

मोखाड्याचे एक मास्तर होते, शाळेतले, भले माणूस. बाजाराच्या दिवशी कामं उरकून ते पुस्तक परत करायला आले. शिरस्तेदारांनी पानं उलटली. चाळिसाव्या पानापर्यंत पानांच्या कडेला नाचणीचं पीठ, पुढे स्वच्छ.

"मास्तर, तुम्ही चाळीस पानंच वाचलीत."

"हो, म्हणजे... कंटाळवाणं वाटलं."

"मग तीन महिने कशाला ठेवलंत? कुणाकडे दिलं होतं?"

"कुणाकडे देणार साहेब? आमच्याकडे वाचणारा मीच एकटा."

"तेच म्हणतो मी. वाचणारा एकटा, आणि वाचलं नाही. मग पुस्तक तीन महिने करत काय होतं?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. तरी ते यायचेच बिचारे, दुसरीकडे पुस्तकं कुठं होती?

आता माझ्याबद्दल. दोन वर्षं त्यांनी माझं एकेक कार्ड मूळ पुस्तकाशी ताडून पाहिलं. एकही चूक निघाली नाही. एका दुपारी मी नव्या कार्डांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला, तर त्यांनी तो उचलून सरळ खणात ठेवला. न बघता! लखमाने माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. मला त्या दिवशी काय वाटलं म्हणून सांगू! मी अजून उमेदवार होतो, कायम झालो नव्हतो. दिवाळीनंतर शिरस्तेदारांच्या एका शब्दावर माझं काय ते ठरणार होतं. घरी बायको, नुकती झालेली मुलगी. पण खरं सांगतो, नोकरीपेक्षाही त्या न बघता ठेवलेल्या गठ्ठ्याचा मला जास्त अभिमान होता.

आमची पुस्तकं बांधायचे ते उस्मानचाचा. जव्हारातच त्यांचं घर, ओटीवर पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा, खळीचं मडकं आणि दोऱ्याची रिळं. गावातल्या ब्राह्मणांच्या पोथ्या, शाळेतली फाटकी पुस्तकं, मशिदीतल्या कुराणाच्या प्रती, सगळं त्यांच्याच हातून जायचं. त्यांना मोडी येत नव्हती, बाळबोधही नाही. पुस्तक ते आकारावरून आणि शिवणीवरून ओळखायचे. "आत काय लिहिलं ते तुम्ही बघा, मी फक्त पाठ सांभाळतो," असं म्हणायचे आणि पान खायचे. शिरस्तेदार त्यांना पुस्तकं मोजून द्यायचे आणि मोजून घ्यायचे. चाचांना त्याचं काही वाटत नसे. "मोजा साहेब, मोजा. मोजल्याने कमी थोडीच होतात!"

त्या साली मुंबईकडचे कुणी मोठे साहेब संस्थान बघायला येणार होते आणि दरबारला त्यांना ग्रंथालय दाखवायचं होतं. बांधणीची एकच धांदल उडाली. शिरस्तेदार तापाने चार दिवस घरी, आणि मला शनिवारी काहीही करून खोडाळ्याला सासुरवाडीला पोचायचं होतं, मुलीचं बारसं होतं. शुक्रवारी चाचांकडे गेलो तर ते म्हणाले, "पुठ्ठा संपला. अकरा आहेत, दहा होतील. एक आठवड्याने देतो."

माझ्या डोक्यात बारसं, आणि अकराही जागेवर लावल्याशिवाय मला निघता येत नव्हतं. मी म्हटलं, "चाचा, त्या दोन बारक्या एकातच शिवा ना."

"चालेल तुमच्या साहेबांना?"

"मी बघतो."

त्यांनी शिवल्या. मी दहा पुठ्ठे आणून जागच्या जागी लावले आणि आल्यावर पोटच्याचं कार्ड करू, शिरस्तेदारांना काहीतरी सांगू, म्हणून खोडाळ्याला निघून गेलो. बायको-मुलीला घेऊन परत आलो तर इथं वणवा पेटलेला. राजवाड्यातून आलेली झाडपाल्याच्या औषधांची एक हस्तलिखित वही होती. राजवाड्यातल्या जुन्या वैद्याने पाड्यापाड्यांवर हिंडून, म्हाताऱ्यांना विचारून लिहिलेली, जगात तेवढी एकच प्रत. साहेबांना दाखवायला कारभाऱ्यांनी तीच मागितली होती, आणि ती जागेवर नव्हती. चाचांच्या अंगठ्याची पावती अकराची. आलेले पुठ्ठे दहा.

चाचांना बोलावलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "दोन बारक्या एकात शिवल्यात साहेब. कुठल्या त्या मला काय ठाऊक, मला अक्षर येतं का? तुमच्या कारकुनांनी सांगितलं तसं केलं."

शिरस्तेदारांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगितलंत?"

लेखी हुकूम नाही, कार्ड नाही, दिवाळी तोंडावर. आणि तो गठ्ठा! तो यापुढे पुन्हा एकेक कार्ड काढून तपासला जाणार. मी म्हटलं, "नाही. मी असं काही सांगितलं नाही."

शिरस्तेदारांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. मला वाटलं, आता हे उठणार, दहाच्या दहा पुठ्ठे उघडणार आणि माझं पितळ उघडं पडणार. ताकसुद्धा फुंकून पिणारा माणूस हा! पण ते उठले नाहीत. किल्ल्या टेबलावर ठेवून म्हणाले, "उस्मानमियां, या माणसाची नोंद मी दोन वर्षं तपासली आहे. ती खोटी निघत नाही."

त्याच दिवशी दुपारी दरबारचे शिपाई चाचांच्या घरी गेले. गोधड्या उसवल्या. पिठाचं मडकं ओतलं. सुनेची माहेरची पेटी ओटीवर आणून सगळ्या गल्लीदेखत उघडली. सापडणार काय, कपाळ? पण गल्लीने पाहायचं ते पाहिलं. आठवड्याच्या आत ब्राह्मणआळीतून पोथ्या परत मागवल्या गेल्या, शाळेने दुसरा माणूस शोधला, आणि मशिदीतल्यांनीही म्हणे, सध्या राहू दे, म्हणून सांगितलं. मी येता-जाता ती गल्ली टाळायला लागलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिरस्तेदार जेवायला गेले तेव्हा मी दहा पुठ्ठे उघडून पाहिले. चौथं कपाट, दुसरी फळी, नववं. गुरांच्या रोगांवरचं एक पातळ पुस्तक, आणि त्याच्या पोटात ती वही. ती मी हातात धरून उभा होतो. तेवढं घेऊन बाहेर गेलो असतो तरी संपलं असतं. पण तेवढ्यात मनात आलं, आता सांगितलं तर म्हणतील, यानेच दडवली होती. मी पुस्तक परत ठेवलं. वळून बघतो तर दारात लखमा, हातात झाडू.

"काय रे?"

"काय नाय सायब. केर काढतो."

त्याने पाहिलं का? पाहिलं असेल तर त्याला कळलं का? सांगेल का? त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना. लखमा शिरस्तेदारांना पाणी द्यायला गेला की मी दारामागे कान लावायचो. कुणी चौथ्या कपाटाकडे नुसतं बघितलं तरी मी उठून मध्ये उभा राहायचो. बायको म्हणाली, "आज मुलीकडे असं काय बघताय, चोरासारखं?" मी तिच्यावर ओरडलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं ते मी त्या पंधरा दिवसांत पुरेपूर पाहिलं. शिरस्तेदार मात्र माझ्याशी पूर्वीपेक्षा मऊ बोलू लागले होते. बिचाऱ्याला खोट्या आरोपात ओढलं, असं त्यांच्या मनात असावं. ते मऊ बोलले की मला वाटायचं, यांना सगळं कळलंय आणि हे माझा अंत पाहताहेत.

मुंबईकडचे साहेब आले, यादी पाहून खूश होऊन गेले. वहीच्या कार्डावर 'जागेवर नाही'. दिवाळी झाली, मी कायम झालो. घरी पेढे आणले, माझा मी ताटात तसाच ठेवला.

मग एका सकाळी मोखाड्याचे मास्तर धापा टाकत आले. "अहो, ते गुरांच्या रोगांचं पुस्तक द्या. गावात बैलांना लाळ सुटलीय, खूर सडताहेत. दोन बैल गेले माझ्या शेजाऱ्याचे."

मी म्हटलं, "ते जागेवर नाही."

एवढं बोललो आणि आतून आवाज आला, "कोणतं?"

शिरस्तेदार उठून आले. "गुरांचं? चौथं कपाट, दुसरी फळी, नववं. सकाळी होतं." त्यांनी स्वतः कपाट उघडलं, पुस्तक काढलं आणि द्यायच्या आधी पानं मोजायला लागले. मोजता मोजता थांबले. मग एकेक पान अगदी सावकाश उलटायला लागले. मी पाहिलं नाही. मी माझ्या टेबलावरच्या दौतीकडे बघत बसलो.

त्यांनी मास्तरांना शेजारी बसवलं, बैलांचा उपाय उतरवून घ्यायला लावला, त्यातल्या एका पाल्यासाठी वैद्याच्या वहीतलं पानही दाखवलं आणि वाटेला लावलं. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"कार्ड?"

"केलं नाही."

"उस्मानमियांना तुम्ही सांगितलं होतंत?"

"हो."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं हो. ते खुर्चीत बसले आणि चष्मा काढून हातात धरला. चष्म्याविना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. फार म्हातारे दिसले. म्हणाले, "त्या दिवशी किल्ल्या माझ्या हातात होत्या. दहा पुठ्ठे. दहा मिनिटांचं काम. आयुष्यात कुणाचं तपासल्याशिवाय राहिलो नाही, आणि तेवढंच तपासायचं राहिलं."

मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले. दरबारला त्यांनी पुढे काय कळवलं ते मला ठाऊक नाही. नोकरी राहिली, आणि त्यांनी माझं प्रत्येक कार्ड पुन्हा तपासायला सुरुवात केली, अखेरपर्यंत. पण ते नंतरचं. त्या क्षणी ते एवढंच म्हणाले, "वहाणा घाला."

भर सकाळ होती. बायका पाणी भरत होत्या, ओट्यांवर माणसं होती. पुढे काखेत पुस्तक मारून शिरस्तेदार, मागे मी. चाचा ओटीवर बसले होते. शिकंजा रिकामा, बाजूला कुणाच्या तरी छत्रीला ठिगळ लावायचं काम. शिरस्तेदारांनी पुस्तक त्यांच्यापुढे उघडून धरलं.

"वही सापडली, उस्मानमियां. तुमच्याच शिवणीत. तुम्ही खरं बोललात, आणि मी तुमच्या घरात शिपाई घातले. मी चुकलो."

चाचांनी शिवणीवर अंगठा फिरवला. "माझीच शिवण," म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "चाचा, मी सांगितलं होतं तुम्हाला. मी खोटं बोललो."

"ते मला काय सांगता?" चाचा म्हणाले. "मला ठाऊकच आहे, मी तिथंच होतो. गल्लीला सांगा."

मी गल्लीकडे तोंड केलं. बोललो ते दोन घरांपलीकडे गेलं नसेल. शिरस्तेदार म्हणाले, "पुन्हा." मी पुन्हा बोललो, मोठ्याने : एकात शिवा असं मी सांगितलं, वही कपाटातच होती, मी खोटं बोललो. पाणी भरणाऱ्या बायका कळशा कमरेवर घेऊन थांबल्या.

मला वाटलं, झालं. पण शिरस्तेदार पहिल्या घराच्या दारात जाऊन उभे राहिले. "ऐकलंत?" आतला माणूस म्हणाला, ऐकलं. "काय ऐकलंत ते सांगा." तो माणूस गांगरला, अडखळत माझं नाव घेऊन सगळं बोलला. "वही कुठे होती?" "कपाटात." "उस्मानमियांनी काय घेतलं?" "काहीच नाही." शिरस्तेदारांनी मान हलवली आणि दुसऱ्या घराकडे गेले. मग तिसऱ्या. एका म्हातारीला कमी ऐकू यायचं. तिला त्यांनी तीनदा म्हणायला लावलं. ब्राह्मणआळीकडे वळणाऱ्या कोपऱ्यापर्यंत गेले, पलीकडची बाजू धरून परत आले, एक घर सोडलं नाही. तेवढा वेळ मी गल्लीच्या मधोमध उन्हात उभा होतो आणि प्रत्येक उंबऱ्यावरून माझं नाव ऐकत होतो.

शिरस्तेदार घामाघूम होऊन ओटीपाशी आले. चाचा उठले, त्यांनी छत्री बाजूला सारली, आत सुनेला चहा टाकायला सांगितलं आणि शिरस्तेदारांचा हात धरून त्यांना घरात नेलं. मला 'या' म्हणाले नाहीत.